कुंपणापासून नऊ पावलं

बुधवार, ९ ऑक्टोबर

त्या सकाळी आधी ड्रम भरले. गुरुवार म्हणजे आमच्या भागाचा पाण्याचा दिवस, पहाटे चार ते नऊ. दोन ड्रम, सहा बादल्या, पातेली, किटली — भरण्यासारखं जे जे होतं ते. मग शेगडी पेटवून मक्याची पेज केली. निम्मी खाल्ली, निम्मी शेजारच्या मादुबेला नेऊन दिली. तिचे गुडघे सुजलेत. अंगण झाडलं. कोंबड्या सोडल्या. चष्म्याची काडी दोऱ्याने बांधली. कपाटातून वही काढून पिशवीत टाकली आणि साडेसहाची गाडी पकडली.

ही मागच्या गुरुवारची गोष्ट. त्या दिवशी चर्चच्या रस्त्यावर मी जमिनीवर निळी रेघ मारली. आज सकाळी दहाला त्याच रस्त्यावर माभेनाच्या जेसीबीने पाण्याची मोठी लाइन फोडली.

पाणी चर्चच्या छताएवढं उडालं म्हणे. मी पोचले तेव्हा रस्ता नव्हताच, नाला होता. माभेना मशीनवरून उतरून कडेला उभा होता, गुडघ्यापर्यंत चिखल. मला बघून म्हणाला, "मासिझिबा, मी रेघेपासून लांब होतो. शप्पथ." मी म्हटलं, "हो." 



गुरुवार, १० ऑक्टोबर

आज पाण्याचा दिवस. पाणी नाही. तीन वस्त्यांना नाही.

जे झालं ते नीट लिहून ठेवते. कुणीही खणण्याआधी मला बोलावतात. इंटरनेटच्या केबलसाठी चर नेणार असोत, नाही तर दिव्याचा खांब पुरणार असोत — जमिनीखाली आधीच काय आहे ते शोधून वर रंगाने दाखवायचं. वीज लाल, पाणी निळं. लोखंडी पाइप आणि तारा यंत्राला ऐकू येतात. कानाला लावलं की सूं होतं, आवाज जिथे मोठा तिथे रेघ. पण चर्चच्या रस्त्यावरची लाइन जुनी, सिमेंटच्या पाइपची. सिमेंटला यंत्र बहिरं. तिथे एकच उपाय — पहार घ्यायची, हाताने चाचणी खड्डा खणायचा, पाइप डोळ्यांनी बघायचा, मग रेघ मारायची.

त्या गुरुवारी जमीन हाडासारखी टणक होती. दोन मजूर येणार होते, एकही आला नाही. अकरा वाजता ऊन असं की पहार हातात धरवेना. आणि माझ्याकडे वही होती.

वही सिबोनिलेच्या बाबांची, माझ्या नवऱ्याची. तीस वर्षं त्यांनी पाणीखात्यात काम केलं; तिथे सगळे त्यांना गुमेडे बाबा म्हणत. शहराच्या नकाशात नाही ते त्या वहीत आहे. 'चर्चचं कुंपण ते लाइन — ९ पावलं. खोली एक मीटर दहा.' त्यांच्या अक्षरात, शिसपेन्सिलीने. त्यांचं पाऊल मला पाठ. माझे अडीच बूट म्हणजे त्यांचं एक पाऊल. शेवटची चौदा वर्षं ते चालायचे आणि मी मागून रंग मारायचे. नऊ पावलं मोजली, निळी रेघ मारली, चिठ्ठी भरली.

चिठ्ठीवर एक रकाना असतो: चाचणी खड्डा घेऊन पाइप पाहिला — होय / नाही.

मी 'होय'वर खूण केली. खड्डा घेतला नव्हता.

शुक्रवार, ११ ऑक्टोबर

लुपाहला साहेबांनी मला ऑफिसात बोलावलं. आमच्या कंपनीत खोदकामाचं सगळं तेच बघतात. समोर माझी चिठ्ठी.

"मासिझिबा, तुमचं काम स्वच्छ आहे. खड्डा घेतला, पाइप पाहिला, खोली लिहिली. म्हणजे खूण पाइपच्या डोक्यावर होती. मग माभेना खुणेवर गेलाच कसा? झोपला होता?"

मी म्हटलं, "तो म्हणतो लांब होता."

"सगळेच म्हणतात. पाण्याने खुणा धुऊन नेल्या, आता काय वाटेल ते म्हणेल!" मग हळू आवाजात, "पालिकेवाल्यांना नाव हवंय. चोवीस तारखेला चौकशी आहे. दोष ठरला तर त्याचा मशीनचा परवाना जाईल, आणि इथून परवाना गेलेल्या माणसाला या शहरात कुणी स्टीअरिंगला हात लावू देत नाही. तुम्ही फक्त खड्ड्याचं सांगा. बाकी मी बघतो."

चिठ्ठीवर अंतराचा रकाना नाही. असता तर एव्हाना कुणीतरी मोजलं असतं.

शनिवार, १२ ऑक्टोबर

शाळेमागच्या हातपंपावर साडेतीन तास रांगेत. डोक्यावर ओलं फडकं घेतलं होतं, ते पंपापर्यंत पोचेतो कडक वाळलं. बायकांना दुसरा विषय नाही.

"जेसीबी चालवतो की नांगर!"

"नांगराच्या बैलालासुद्धा सरळ रेघ कळते गं."

"पिऊन असेल. बुधवारी कुणी पितं का? पण ड्रायव्हरांना बुधवार आणि शनिवार सारखाच."

"त्याला आणून बांधा या पंपाला. पाणी येईपर्यंत दांडा हलवू दे!" सगळ्या हसल्या. मादुबे सगळ्यांत मोठ्याने हसली — गुडघे धरून. मग मला म्हणाली, "तू तरी सांग त्यांना, तू तर त्या कामातली. तुमच्यातला कोण होता तो शहाणा?"

"ओळखते मी. पीत नाही तो," मी म्हटलं.

"मग डोळे तपासा त्याचे."

माझी बादली भरली. घरी येऊन झाकून ठेवली.

रविवार, १३ ऑक्टोबर

चर्च सुटल्यावर माभेना आला. पांढरा शर्ट, इस्त्रीचा. पाणी नसताना त्याच्या बायकोने तो कसा धुतला कोण जाणे. कोंबडीची पिल्लं त्याच्या बुटांभोवती. मी कपभर चहा केला, साखर त्याच्यापुढे ठेवली. त्याने तीन चमचे घातले आणि ढवळायचं विसरला.

"मासिझिबा, मी रोज रात्री ती सकाळ परत चालवून बघतो. निळ्या रेघेपासून दीड मीटर डावीकडे चाक ठेवलं होतं मी. मला तसंच दिसतं. पण तसं कसं असेल?"

"का नसेल?"

"अहो, रेघ गुमेडे बाबांच्या वहीतली ना? मी बघितलं, तुमच्या पिशवीत होती ती. त्यावर तुम्ही खड्डाही घेतला. मग पाइप रेघेखाली होता. मग मी रेघेवर होतो. दुसरं काय?" तो हसला. "बाबा म्हणायचे — बावीस वर्षांचा होतो मी, पहिल्यांदा त्यांच्याबरोबर कामाला आलो — म्हणायचे, पोरा, डोळ्यावर विश्वास ठेवू नकोस, उन्हात डोळे खोटं बोलतात. माझ्या वहीवर ठेव."

मी म्हटलं, "वहीसुद्धा चुकू शकते."

"कुणाचीही चुकेल. त्यांची?"

जाताना दारात म्हणाला, "परवाना गेला तर मला दुसरं काही येत नाही हो. गवंड्याच्या हाताखाली विटा वाहायचं माझं वय राहिलंय का? पण चूक माझी असेल तर असेल. खोटं बोलून बाबांचं नाव खराब करणार नाही मी."

चहा तसाच राहिला. मी प्याले. तळाशी पाक झाला होता.

सोमवार, १४ ऑक्टोबर

वही चुकली. दुसरं काही असू शकत नाही.

आज दिवसभर त्यांच्यावर राग. मेलेल्या माणसावर रागावून काय उपयोग, ते चुकलं म्हणायला येत नाहीत. नऊ पावलं लिहिताना कुणाशी बोलत होते? सिगारेट ओढत होते? सातच्या जागी नऊ लिहिलं, की अकराच्या जागी?

जूनमध्ये वर्ष पूर्ण झालं. मी काळे कपडे उतरवले आणि रीतीप्रमाणे त्यांच्या वस्तू वाटल्या. सगळं अंगणात चटईवर मांडलं. मोठ्या दिरांनी कोट घेतला, धाकट्याने टोपी आणि काठी. पुतण्याने रेडिओ. बूट कुणाला झाले नाहीत, ते चर्चला. वही शेवटी चटईवर तशीच राहिली. दीर म्हणाले, "हे काय? नळांचे आकडे? ठेव तुझ्याकडे." अशी ती मला मिळाली.

म्हणजे जे कुणाला नको होतं ते माझ्या वाट्याला आलं, आणि मी ते देवाच्या पुस्तकासारखं पिशवीत घेऊन फिरले.

बुधवार, १६ ऑक्टोबर

ड्रमच्या तळाला पोचले. भांडी राखेने घासली, धुतली नाहीत.

गुरुवार, १७ ऑक्टोबर

कामावर जावंच लागतं. आज दुसऱ्या टोकाला, वेअरहाउसपाशी विजेच्या तारा शोधल्या. यंत्र स्वच्छ ऐकवत होतं. तरी तीन ठिकाणी खड्डे घेतले, कुणी सांगितलं नसताना. मजूर कुरकुरले. "मासिझिबा, तारेचा आवाज येतोय तरी खणायचं? आज काय सोनं सापडणार आहे का?" 

"खण," म्हटलं.

जेसीबीवर नवा माणूस होता. माभेनाला घरी बसवलंय.

संध्याकाळी वाचायला बसले. एकच पान तीनदा. मी वाचायला उशिरा शिकले, शाळेत नाही. पाणीखात्याच्या आवारात झाडू मारायचे तेव्हा व्हॉल्व्हच्या लोखंडी झाकणांवरची ओतीव अक्षरं बोटाने गिरवायचे. सिबोनिलेचे बाबा तिथेच भेटले. म्हणाले, "उलटी बसलीयस. अक्षर पायाकडून बघतेयस." म्हणून मी अजून वाचताना आधी पान सरळ आहे का ते बघते. आज सरळ होतं, तरी डोक्यात शिरलं नाही.

शुक्रवार, १८ ऑक्टोबर

पाणी आलं. दुपारी तीनला नळ खोकला, आधी लाल, मग पांढरं. सगळ्या गल्लीत बायकांच्या आरोळ्या. मादुबे अंगणात बादली वाजवत नाचली, गुडघे सुजलेले असून.

मी ड्रम भरले.

शनिवार, १९ ऑक्टोबर

सिबोनिलेचा फोन. ती गॅबोरोनला नर्स आहे, शनिवारी करते. मी पाण्याचं सांगितलं, माभेनाचं सांगितलं. रेघ कुणी मारली ते सांगितलं नाही.

"कुठला चर्चचा रस्ता? आपण रविवारी जायचो तोच?"

"तोच."

"अगं आई, त्या रस्त्याला मी किती रडायचे! बाबा पुढे, मी मागे पळत पळत. त्यांचं एक पाऊल म्हणजे माझी तीन. तू ओरडायचीस, अहो, पोर आहे ती, घोडा नाही! आठवतं?"

मी म्हटलं, आठवतं.

मग ती तिच्या वॉर्डाबद्दल बरंच काही बोलली. मी हं हं करत होते. फोन ठेवला आणि वही काढली. त्या पानावर वर कोपऱ्यात तारीख आहे, ती मी त्या दिवशीही पाहिली होती. मार्च १९९६.

२००९ साली ते चरात पडले. खुब्याचं हाड मोडलं. त्यानंतर डावा पाय ओढत चालायचे. मी त्यांच्याबरोबर कामावर जायला लागले ती त्यानंतर, रंगाचा डबा उचलायला कुणी हवं म्हणून. अडीच बुटांचं पाऊल हे त्या माणसाचं.

या वर्षात वहीतली जी जी पानं मी वापरली ती सगळी नंतरची होती. म्हणून सगळी बरोबर आली.

रविवार, २० ऑक्टोबर

चर्चला गेले, आत गेले नाही.

त्याच पानावर दुसरी एक ओळ आहे: 'चर्चच्या फाटकाचा खांब ते बंबवाल्यांचा नळ — ३१ पावलं.' खांब तिथेच आहे, नळही तिथेच. दोन्ही जमिनीच्या वर, दोन्ही कुणी हलवलेले नाहीत. आत दुसरं भजन चालू असताना मी अडीच-अडीच बुटांनी चालत गेले. एक्केचाळीस भरली. परत उलट मोजली. एक्केचाळीस.

मग एकतीस पावलांत पोचायचं म्हणून चालून बघितलं. टाचेत जोर देऊन, जवळजवळ उड्या मारत. एक पाऊल जवळपास ऐंशी सेंटिमीटर पडतं. फाटकाशी बसलेला म्हातारा रखवालदार म्हणाला, "आजीबाई, शर्यत आहे का कुणाशी?"

तसे चालायचे ते. मला त्यांचं ते चालणं आठवत नव्हतं. माझ्याकडे फक्त आजारी माणूस उरला होता, आणि मी त्याच्याच पावलांनी सगळं मोजत होते.

नऊ पावलं म्हणजे सात मीटर वीस. मी रेघ मारली पाच मीटर चाळीसवर. जिथे माझ्या रेघेपासून सुरक्षित अंतर होतं तिथेच लाइन होती. माभेना सांगितलं तसाच, रेघेपासून दीड-पावणेदोन मीटरवर, चाळीस मीटर पाइपच्या डोक्यावरून खणत गेला — हातभर वरून — आणि रस्ता जिथे खाली उतरतो तिथे पाइप वर आला.

वही बरोबर आहे. माभेनाचे डोळे बरोबर आहेत.

रस्त्याच्या वरच्या टोकाला पाणी पोचलं नव्हतं. तिथे चरातली माती कुंपणाच्या बाजूला ढीग करून अजून पडली आहे. माझी रेघ त्या ढिगाखाली असणार. मी बुटाच्या टोकाने थोडी माती सरकवली. निळा रंग होता. वीतभर दिसला, ताजा, जसा मारला तसा.

मी बुटाने माती परत वर ओढली.

भजन संपलं, लोक बाहेर यायला लागले. मी घरी आले.

सोमवार, २१ ऑक्टोबर

पाण्याचा दिवस. बुडालेल्या गुरुवारांच्या बदल्यात आज दिला. भरलं.

मंगळवार, २२ ऑक्टोबर

गाडीच्या थांब्यावर माभेना भेटला. विटांच्या कामाची चौकशी करून आला होता. त्यांना तरुण पोरं हवीत. तरी हसत होता. "म्हणे काका, तुम्ही देखरेख करा. मी म्हटलं, कशाची? विटा पळून जातात का?"

मग म्हणाला, "मी ठरवलंय. गुरुवारी सांगून टाकतो — मी सरकलो असेन. लांबवायचं कशाला. कबूल केलं तर निदान पोलिसात देणार नाहीत, लुपाहला साहेब म्हणाले."

"पण तू सरकला नाहीस."

"तुम्हाला काय माहीत? तुम्ही होता का तिथे?" चिडला होता. लगेच मऊ झाला. "रागावू नका. मला माझ्याच डोळ्यांनी दिसतं ते मीच खोटं ठरवतोय, म्हणून डोकं दुखतं. एकदा कबूल केलं की बरं वाटेल."

त्याची गाडी आली. आत चढला. खिडकीतून म्हणाला, "तुमच्या खड्ड्याचं तेवढं नीट सांगा. गोंधळू नका त्या पालिकेच्या इंजिनीअर बाईंसमोर."

बुधवार, २३ ऑक्टोबर

सांगितलं तर काय होईल ते मला माहीत आहे. खोटी खूण करणाऱ्याला कुणी यंत्र देत नाही. वय अठ्ठावन्न. परत झाडू मिळेल किंवा नाही मिळणार. मादुबे आणि पंपावरच्या बायका.

आधी वाटायचं की सिबोनिलेच्या बाबांचं नाव जपतेय. आता ते कारण नाही. वही बरोबर आहे. आता जपतेय ती मी मला.

इतकं स्पष्ट कळूनही भीती तेवढीच. रात्री मक्याच्या पिठाचा सित्श्वाला आणि वाळवलेली भाजी केली. दोन घास. झोपले.

गुरुवार, २४ ऑक्टोबर

चौकशी पंधरा मिनिटांची. लुपाहला साहेब, पालिकेच्या इंजिनीअर बाई, माभेना, मी. टेबलावर पाण्याच्या बाटल्या.

इंजिनीअर बाई तरुण आहेत, बोलणं नीट. चिठ्ठी उचलून विचारलं, "चाचणी खड्डा तुम्ही स्वतः घेतलात?"

"होय."

"पाइप डोळ्यांनी पाहिलात?"

"होय."

तोंडातून निघालं. शेजारी माभेनाने मान हलवली, जसं एखादं मूल पाढा बरोबर म्हणतं तेव्हा बाप हलवतो तशी.

मग त्याने उभं राहून सांगितलं की तो सरकला असेल. ऊन होतं. त्याला ते कळलं नाही. माफी मागितली, तीन वस्त्यांची. बाईंनी लिहून घेतलं. परवाना सोमवारपासून रद्द. लुपाहला साहेब माझ्याकडे बघून म्हणाले, "तुमच्यासारखं सगळ्यांनी काम केलं तर या खोलीत कुणाला बसावंच लागणार नाही."

बाहेर आल्यावर माभेनाने टोपी काढून मला नमस्कार केला. "बाबांची वही जपून ठेवा, मासिझिबा." 

घरी आले. हे लिहिलं. वही समोर आहे. एक ओळही वाचवत नाही.

शुक्रवार, २५ ऑक्टोबर

सकाळी सहाला फावडं आणि पहार घेऊन चर्चच्या रस्त्यावर गेले. ढिगाची माती हटवली. चार मीटर रेघ मोकळी झाली. मग कुंपणापासून सात मीटर वीसवर खणायला घेतलं. चरात ढासळून पडलेली माती वर सैल, खाली टणक. साडेनऊला एक मीटर दहावर पाइप लागला. लुपाहला साहेबांना फोन केला, पालिकेच्या बाईंना केला, माभेनाला केला. तिघंही येईपर्यंत खड्ड्याच्या कडेला बसले.

टेप माभेनाच्या हातात दिली. त्याने रेघेपासून पाइपपर्यंत मोजलं. एक मीटर ऐंशी. दुसऱ्यांदा मोजलं. मी बाईंना सांगितलं की खड्डा आज पहिल्यांदा घेतला, काल मी खोटं बोलले. त्यांनी ते लिहून घेतलं, मी खाली सही केली.

माभेनाने टेप गुंडाळली, माझ्याजवळ ठेवली. माझ्याकडे बघितलं नाही. साहेबांच्या गाडीत बसून गेला.

मी खड्डा बुजवला. मग ऑफिसात जाऊन यंत्र जमा केलं.